गार्डाच्या डब्याची लाज

मी मालगाडीचा शेवटचा डबा बोलतोय. ज्याला गार्डाचा डबा म्हणतात, तो मी. कोकणात लोटे म्हणून कारखान्यांचं गाव आहे, त्याच्या अलीकडे एक फाटा आहे, तिथे रस्त्याच्या कडेला जांभ्या दगडाच्या चौथऱ्यावर सध्या माझा मुक्काम आहे. अंगाला नवा तांबडा रंग आहे. येणारेजाणारे गाडी थांबवतात, माझ्या कठड्याला टेकून फोटो काढतात आणि म्हणतात, काय मस्त जपलाय हा डबा! त्यांचं कौतुक ऐकलं की मला तोंड कुठे लपवावं कळत नाही. बरं, मला तोंडही नाही आणि हलायला चाकंही उरलेली नाहीत. म्हणून ऐकून घेतो.

माझा जन्म दूर बंगालातल्या एका कारखान्यात झाला. माझा नकाशा ज्या कुणी काढला, ते हुशार लोक असणार. उतारावर गाडी आवरायला त्यांनी मला हाताने फिरवायच्या ब्रेकचं चाक दिलं. दोन्ही टोकांना व्हरांड्यासारख्या कठड्याच्या ओट्या दिल्या, आत बसायला बाक दिलं, झेंडे अडकवायला खुंट्या दिल्या. आत माणूस बसणार हे त्यांना ठाऊक होतं. पण माणसाला तहान लागते, आणि पाणी प्यायलं की आणखीही एक गरज लागते, एवढं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मी कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा ऐटीत होतो.

ऐट असायला कारणही होतं. मालगाडी स्टेशनातून जाते तेव्हा मास्तर इंजिनाकडे फारसं बघत नाही, तो माझी वाट बघतो. माझ्या पाठीवरची खूण दिसली की गाडी पुरी आली, मधेच तुटून मागे काही राहिलं नाही, हे त्याला समजतं. मगच मागच्या गाडीला वाट मिळते. कोळसा, सिमेंट, खत, सगळ्यांच्या मागे मी फिरलो, आणि शेवटी कोकणातल्या रुळांवर आलो. इथे तर भरलेले ट्रकच्या ट्रक सपाट वाघिणींवर, म्हणजे मालगाडीच्या उघड्या डब्यांवर, चढवून नेतात. त्या ट्रकांच्या मागे मी बोगद्यात शिरायचो आणि पलीकडे हिरव्यागार दरीवर बाहेर पडायचो.

माझ्यात बसणारे गार्ड मात्र मला शिव्याच घालायचे. भागोजी म्हणून एक जुने गार्ड होते. माझे दणके खाऊन त्यांची कंबर कामातून गेली होती. ते म्हणायचे, हा डबा नव्हे, भाताची गिरण आहे, आपण आत भात. गरज लागली की दार उघडून नाहीतर गाडी थांबल्यावर एखाद्या झुडपाआड जाऊन ते मोकळे व्हायचे आणि वर त्याचे किस्से करून सांगायचे. पुरुषमाणसांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली, त्यांच्याबरोबर मीही नेली.

मग एके दिवशी माझ्या पायऱ्या दर्शना चढली.

दर्शना इथलीच, या फाट्यावरून आत गेलं की टेकाडाखाली जी बौद्धवाडी लागते तिथली. वडील काशीराम लोट्याच्या एका कंपनीत कामाला होते. पोरीने परीक्षा दिली, पास झाली आणि गार्ड म्हणून लागली. विहारात तिचा सत्कार झाला. काशीरामांना त्या दिवशी दोन शब्द बोला म्हटलं तर ते नुसते रडले, असं तिने भागोजींना हसत हसत सांगितलेलं मी ऐकलं आहे. पुढे त्या कामाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर झालं. नाव तेवढं बदललं, डबा तोच राहिला.

तिला शिकवायला भागोजी बरोबर आले होते. झेंडा कसा धरायचा, ड्रायव्हरशी वॉकीटॉकीवर काय बोलायचं, ब्रेकचं चाक कधी आवळायचं, सगळं त्यांनी मन लावून शिकवलं. सगळं सांगून झालं तरी ती घुटमळत राहिली. तिला काय विचारायचं होतं ते भागोजींना कळलं, मलाही कळलं. भागोजींनी मान वळवली आणि बाहेर पळणाऱ्या झाडांकडे बघत म्हणाले, "पाणी जरा बेतानं पी, पोरी."

एवढंच. या नोकरीतली ही न लिहिलेली शिकवण होती. तिने मान हलवली आणि हातातल्या स्टीलच्या बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. त्या क्षणी पहिल्यांदा मला माझी लाज वाटली. माझ्यात एक बाई बसली आहे आणि मी तिला चार भिंतींचा एक कोपरासुद्धा देऊ शकत नाही, हे मला त्या झाकणाच्या आवाजाने कळलं.

सुरुवातीला ती बेतानेच प्यायची. मग एकदा काय झालं, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला आम्ही एका लहान स्टेशनाबाहेर थांबलो होतो. उन्हाळ्याची दुपार होती, माझा पत्रा तापून तवा झाला होता. गाडी इतकी लांब की इंजिन पुढच्या वळणाआड आणि मी मागे माळावर. बराच वेळ झाला, सिग्नल काही मिळेना. शेवटी ती खाली उतरली आणि काजूच्या जाळीमागे गेली. नेमकी तेव्हाच इंजिनाने शिटी दिली. गाडीला हिसका बसला, मी पुढे सरकलो. मला थांबता येत नव्हतं. ब्रेकचं चाक माझ्यात होतं, पण ते फिरवणारी खाली होती. ती धावत आली, कठडा धरून चढली, गुडघा पायरीवर आपटून सोलून निघाला. वॉकीटॉकीवर ड्रायव्हरने विचारलं, सगळं ठीक ना? ती म्हणाली, हो, ठीक. मग बाकावर बसून तिने ओल्या रुमालाने गुडघा पुसला आणि तोंड रुमालात धरून रडली.

त्या दिवसानंतर तिने माझ्यात पाण्याचा थेंब घेतला नाही. बाटली मात्र रोज आणायची. तिची आई सुंदराबाई भरून द्यायची, नको कशी म्हणणार? माझ्यात ती बाटली खुंटीला अडकवलेली असायची, दणक्यांनी डुलायची आणि जशी आली तशी भरलेली परत जायची.

आता एक सांगतो, ते तुम्ही नीट ऐका. या गावाजवळ रुळांवरून जाणारा एक पूल आहे. दर्शनाची गाडी जायची असली की काशीराम त्या पुलावर येऊन उभे राहायचे. तिच्याकडून फोनवर वेळ विचारून घ्यायचे. बरोबर वाडीतलं कुणी ना कुणी असायचंच. इंजिन जायचं, ट्रक लादलेल्या वाघिणी जायच्या, आणि सगळ्यांत शेवटी मी. माझ्या मागच्या ओटीवर दर्शना हिरवा झेंडा धरून उभी असायची. काशीराम दोन्ही हात वर करायचे आणि शेजारच्याला म्हणायचे, "ती बग, माझी लेक. आख्खी गाडी तिच्या ताब्यात हाय." गाडी पुलाखालून जायची तेवढा वेळ ती हसायची. पुलावरच्या माणसांना हसणं दिसायचं. फुटलेले ओठ मला दिसायचे.

गार्डाला ठरलेला असा डबा नसतो, जी गाडी मिळेल तिच्यावर जायचं. पण या मार्गावर माझी फेरी सारखी असल्यामुळे ती वरचेवर माझ्याकडे यायची. एकदा तिने भाऊ दीपकने दिलेला त्याच्या वर्कशॉपचा स्टिकर माझ्या खिडकीशेजारी चिकटवला. दीपक लोट्याला वेल्डिंग, फॅब्रिकेशनची कामं करतो. तुझी जाहिरात मी मडगावपर्यंत नेते, असं तिने त्याला फोनवर चिडवलं. माझ्यात ती मोकळेपणाने हसलेली मला आठवते ती त्या दिवशीच.

पुढे ती आजारी पडू लागली. लघवीला जळजळ, ताप, मग मुतखडा, मग आणखी काय काय. सतत पाणी तोडल्याने हे झालं असं डॉक्टरांनी सांगितलं, हे ती फोनवर एका मैत्रिणीशी बोलताना मला समजलं. घरी तिने सांगितलं की पाठ धरली. पाठ धरणं हे इज्जतीचं दुखणं आहे, बापाला सांगता येतं. शेवटी तिला गाडीवरून काढून रत्नागिरी स्टेशनात बैठं काम दिलं. काशीराम पुलावर यायचे थांबले.

थोड्या दिवसांनी माझीही गरज संपली. आता काही गाड्यांच्या शेपटाला गार्डाच्या डब्याऐवजी गाडी पुरी आहे हे सांगणारी एक लहानशी पेटी अडकवतात, तिला ना बाक लागतं ना तहान. मला गंजही चढला होता. बाजूच्या रुळावर खूप दिवस उभा राहिलो, कठड्यावर वेल चढले, आणि एक दिवस चाकं काढून मला भंगारात दिलं. खरं सांगू? मला बरं वाटलं. गॅस कटरखाली जाऊ, वितळू, पुन्हा जन्म मिळाला तर नळ होऊ, अशी माझी इच्छा होती.

पण भंगारवाल्याच्या आवारात पत्रे बघायला दीपक आला. सहज म्हणून आत डोकावला आणि त्याला खिडकीशेजारी स्वतःच्याच दुकानाचा स्टिकर दिसला. तो तिथेच बाकावर बसला आणि त्याने काशीरामांना फोन लावला.

झालं. काशीरामांनी हट्टच धरला. लेकीचा डबा भंगारात जाऊ द्यायचा नाही, तिला न सांगता आणायचा, नीट करायचा आणि मग बोलवायचं. नोकरी सुटल्यासारखी ती खचली आहे, डबा बघून तिला उभारी येईल, असा त्यांचा हिशेब होता. मला अंगणात ठेवायचा बेत होता, पण वाडीच्या वळणावर ट्रेलर वळेना. म्हणून फाट्याजवळ त्यांच्या जमिनीचा तुकडा होता, तिथे चौथरा बांधून क्रेनने मला उतरवलं. वाडीतले लोक बघायला आले. कुणी म्हणालं, कोंबड्या ठेवायला झक्क आहे. सुंदराबाई म्हणाल्या, लोखंडाचं एवढं धूड आणून काय मिळवलंत? काशीराम कुणाचं ऐकेनात.

दीपकने मात्र काम जीव ओतून केलं. गंज घासला, सडलेला पत्रा कापून नवा जोडला, ब्रेकच्या चाकाला तेल दिलं. त्याला वाटत होतं एखादा पंखा लावावा, खिडकी जरा मोठी करावी. काशीराम म्हणाले, अजिबात नाय. जसा व्हता तसा. लेकीने आत पाऊल टाकलं की तिला वाटलं पायजे की आपण ड्युटीवरच आलो. म्हणून त्यांनी जुन्याच खुंट्या पुन्हा ठोकल्या, झेंडे आणले, आणि घरातली ती स्टीलची बाटली भरून खुंटीला अडकवली. बाटली बघून मला ते सगळे प्रवास आठवले. मी ओरडलो असतो. पण शिटीसुद्धा इंजिनाची असते, आमची नसते.

दर्शना आली तेव्हा अर्धी वाडी फाट्यावर जमली होती. मेणबत्ती लावून त्रिशरण म्हटलं, मुलांना खाऊ वाटला. काशीरामांनी या वेळी न रडता भाषण केलं. लोक म्हणतात जुनं लोखंड वाचवून काय उपयोग, पण या डब्याने आमची मान वर केली, याला मी कसा विसरू? असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मग ते लेकीकडे वळले. "चढ गो. तुझी जागा तशीच ठेवलीय."

दर्शनाने कठड्याला हात लावला आणि तिथेच थांबली. आत खुंटीवरची बाटली तिला दिसत होती. एक पाय पायरीवर, तो वर जाईना आणि खाली येईना. लोकांना वाटलं, भरून आलं असेल. सगळे तिला चढ चढ म्हणू लागले.

तेवढ्यात वैष्णवी आतून बाहेर आली. ही शेजारची सून, लोट्याला पॅकिंगला जाते, कंपनीच्या बसची वाट बघत रोज याच फाट्यावर उभी असते. ती माझ्यात सगळीकडे हिंडून, वाकून बघून आली होती. तिने अगदी सरळ मनाने विचारलं, "काय गो दर्शना, ह्याच्यात संडास कुठं हाय? मना तर दिसला नाय."

दोनचार जण हसले. काशीराम अभिमानाने म्हणाले, "नव्हताच. जसा व्हता तसा ठेवलाय आमी."

"मग तू काय करायचीस?" वैष्णवी हसत नव्हती.

दर्शनाने पाय पायरीवरून खाली घेतला. ती वैष्णवीकडे बघून बोलली, बापाकडे नाही. "पाणी पीत नव्हते. ड्युटी असली की आदल्या संध्याकाळपासनं बंद."

पुरुष जमिनीकडे बघू लागले. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, त्यांना यात नवं काही नव्हतं. सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावला. ती बाटली त्याच धूत होत्या, भरलेली का येते असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. आणि मी? मी नव्या रंगात, झेंडे लावून, सगळ्यांच्या मधोमध उभा होतो. भंगारात असतो तर बरा होतो. तिच्या दुखण्याला घासूनपुसून, तेलपाणी करून चौथऱ्यावर बसवलं होतं आणि ते दुखणं मी होतो.

काशीरामांनी मेणबत्तीकडे बघत विचारलं, "मी पुलावर उभा राह्यचो, तवा पन?"

"तवा पन, बाबा."

"मना का नाय सांगितलंस?"

"बापाला असलं कसं सांगू? आणि तुमी एवढे खूश असायचात."

काशीराम माझ्या पायरीवर बसले. लोक एकेक करून पांगले. दर्शना आईबरोबर घरी गेली, संध्याकाळची गाडी पकडून रत्नागिरीला परतली. काशीराम तिथेच बसून होते. त्यांचा हात माझ्या पत्र्यावर होता. आम्ही दोघेही सारखेच लाजलेले होतो, फक्त त्यांना रडता येत होतं.

दुसऱ्या दिवशी ते कुदळ घेऊन आले आणि माझ्या मागच्या बाजूला खड्डा खणू लागले. जांभा कठीण असतो. दीपकने बघितलं आणि तोही उतरला. मग गवंडी आला, शोषखड्डा झाला, पाइप टाकले. दीपकने गॅस कटरने माझी पाठ कापून नळ आत घेतले, माझ्या अर्ध्या अंगात भिंत घालून संडास आणि मोरी केली, आतून कडी लावली. ज्या पाठीवर कधी माझी खूण होती, तिथे आता पाण्याची टाकी आहे. जसा होतो तसा मी राहिलो नाही. कापताना दुखलं, पण ती एवढीच गोष्ट आहे जिच्याबद्दल मला माझी लाज वाटत नाही.

हल्ली कंपनीच्या बसला थांबणाऱ्या बायका उन्हात उभ्या न राहता माझ्या बाकावर बसतात. किल्ली वैष्णवीकडे असते. झाडलोट त्या आळीपाळीने करतात. टाकी भरायचं काम काशीरामांनी स्वतःकडे ठेवलं आहे, ते कुणाला करू देत नाहीत.

तुम्ही फोटो काढायला थांबता तेव्हा आपसात बोलता, असे जुने डबे वाचवले पाहिजेत, की उगाच हौस आहे ही? मला विचाराल तर वाचवा. आमच्यात जुनं लाकूड आहे, चांगलं लोखंड आहे, कष्टाने बांधलेले आहोत आम्ही. पण रंगाचा डबा उघडण्याआधी आमच्यात बसलेल्या माणसाला एकदा शोधून काढा आणि त्याला विचारा की तुझं यात कसं चाललं होतं. तो काय सांगतो ते ऐकल्यावरही वाचवावंसं वाटलं, तर त्याला जे मिळालं नाही ते आधी करा. झेंडे मागाहून लावा.

दर्शना बरेच दिवस आली नाही. परवा रविवारी आली. काशीराम चौथऱ्याखाली उभे होते, चढ म्हणाले नाहीत. ती आपणहून चढली. मागची भिंत, नळ, कडी, सगळं बघून आली आणि आपल्या जुन्या जागी बाकावर बसली. बाटली खुंटीलाच होती. तिने ती काढली, झाकण फिरवलं आणि पाणी प्यायली. थांबत थांबत, पण सगळं प्यायली. माझ्यात बसून तिने पाणी प्यायलेलं मी किती काळाने बघत होतो. मला आनंद झाला असं म्हणवत नाही. जे तेव्हा द्यायचं होतं ते आता दिलं, तिची तब्येत गेल्यावर दिलं, याची लाज माझ्या पत्र्यातून जायची नाही.

मग तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि बाटली बापापुढे धरली.

"बाबा, संपलं," ती म्हणाली. "आनखी भरून द्या."

काशीरामांनी ती रिकामी बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि ते नळाकडे गेले.